आधी वाजवून दाखव

ती. ताईस नमस्कार.

इथल्या संगीत विद्यालयाच्या व्हायोलिनच्या प्रवेशपरीक्षेत मी पहिली आले, गुणवत्तेची शिष्यवृत्ती मिळाली! बाबांना कानाशी जाऊन मोठ्याने सांग. ऐकायला अजून कमीच येतं का गं त्यांना?

शिष्यवृत्तीत अर्धीच फी भागते. उरलेल्या फीसाठी मदतीचा अर्ज निकालाआधीच करायचा होता. पण बाबा म्हणाले होते ना, "आधी वाजवून दाखव, मग माग." म्हणून मी थांबले. आता ऑफिसातल्या बाई म्हणतात, "मुदत संपली, बाळा." इतकं मायेनं म्हणाल्या, की तिथेच रडू फुटलं.

धाकटीची परीक्षा पुढच्या वर्षी ना? तिचा मदतीचा अर्ज तू आधीच भरून टाक, बाबांना न विचारता.

आणि मी परत का येतेय असं त्यांनी विचारलं, तर म्हण, "तिला तिथे करमेना."

तुझीच,
चिमी