कमरेची मशीन

आरमोरी
२१ सप्टेंबर १९८६, रविवार

प्रिय अंजना,

तू दिलेली मालिशची मशीन जळाली. वाईट बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. चारही रबरी टोप्या शाबूत आहेत, वायर शाबूत आहे, खांद्याला मशीन लावून हसणारी ती गोरी बाई छापलेलं खोकंसुद्धा शाबूत आहे. आतली मोटर तेवढी गेली. तू ती मस्कतच्या नोकरीवरून परतताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलीस, कस्टमवाल्यांपुढे कमरेचं दुखणं सांगून सोडवलीस, आणि इथे ती पाच महिने टिकली नाही. पण माझ्यावर रागावू नकोस. माझ्या हातात ती जेमतेम सहा आठवडे होती. नंतरचे सगळे दिवस ती गावाची झाली. त्या गोष्टीचा मला इतका संताप आहे की काल भाजी चिरताना विळी सोडून नुसती बसून राहिले.

वडशाच्या स्टेशनवर पिशवी माझ्या हातात देताना तू म्हणाली होतीस, कमरेसाठी आहे, आणि कमरेच्या आजूबाजूसाठीसुद्धा. मी काही विचारायच्या आत गाडी हलली आणि तू खिडकीतून दात काढत निघून गेलीस. मी बावळट, आठ दिवस खरंच कमरेलाच लावली. सायकलवरून उपकेंद्रांच्या फेऱ्या करून माझी कंबर दुखतेच, त्यात दोन बाळंतपणं झालेली. मग एका दुपारी सासू कुणाच्या तरी घरी धान पाखडायला गेली होती, हे राइस मिलवर होते, आणि कमरेवरून मशीन जरा घसरली. तिथून पुढे मला तुझं वाक्य कळलं.

अंजना, मी छत्तीस वर्षांची आहे. नर्सिंगचं ट्रेनिंग आपण एका खोलीत राहून केलं. बाईच्या शरीराचं चित्र वहीत मी तुझ्यापेक्षा सुबक काढायचे, प्रत्येक अवयवाला बाण दाखवायचे. आज आठवतं की एका जागेला बाण होता आणि नाव नव्हतं. सिस्टरबाईंनी फळ्यावर लिहिलं नाही, आपण विचारलं नाही. आता मी गावोगाव जाऊन तांबी बसवते, निरोध कसा वापरायचा ते सगळ्या पंचायतीसमोर स्वतःच्या अंगठ्यावर चढवून दाखवते, आणि मला कुणी लाजताना पाहिलेलं नाही. बायका येतात, अंग दुखते म्हणतात, डोकं दुखते म्हणतात. मी गोळ्या देते आणि रजिस्टरात लिहिते. त्या रजिस्टरात सुखाचा रकाना नाही, आणि तो नाही हे मला इतकी वर्षं कधी जाणवलंच नाही याची चीड येते.

तू मला निरीक्षण नीट लिहायला शिकवलं होतंस, म्हणून लिहितेच. काटे असलेली टोपी निव्वळ बिनकामाची. खरबरीत जमिनीवर बसल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही. वाटीसारख्या टोपीने मला हसू आलं, गुदगुल्या झाल्या आणि तिथेच संपलं. टोकदार टोपी फार जोरकस. थेट लावली तर मिनिटाभरात जागा बधिर होते, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यासारखी. पण मध्ये जुन्या लुगड्याची चार पदरी घडी धरली तर तीच चांगली लागते, नेमकी लागते, आणि पटकन होतं. इतकं पटकन की शिंक येऊन गेल्यासारखं. मन मागेच राहतं आणि अंग पुढे निघून गेलेलं असतं. खरी गुणाची ती पसरट टोपी. ती एका ठिकाणी बोट ठेवत नाही, सगळीकडून हळूहळू गोळा करत आणते. वेळ लागतो. पण नंतर पाच-दहा मिनिटं उठावंसंच वाटत नाही.

आणि व्होल्टेज! तिकडे तुझ्या माजरीला कोळसाखाणीची विजेची लाईन, तुला काय कळणार. उन्हाळी धानाला पाणी द्यायला इथे सगळे पंप एकदम चालू होतात, आणि आमच्या घरातला बल्ब कंदिलासारखा जळतो. तेव्हा मशीन भणभण करत नाही, घुमते. खोल, संथ. खोक्यावर लिहिलेल्या दोन्ही स्पीडपेक्षा तो तिसरा स्पीड मला जास्त मानवला. बटण दोनवर पूर्ण व्होल्टेज म्हणजे नुसती घाई. आता हसू नकोस, पण पंप चालू झाले की शेतकरी लाईनवाल्याला शिव्या द्यायचे आणि मी मनातल्या मनात त्याचं भलं चिंतायचे.

मग मी हाताचाही विचार केला, कारण दर तासाला लाईन जाते आणि अर्ध्या वाटेवर सोडून जाते. त्या वेळची तडफड मी तुला सांगू शकत नाही. हात मशीनपेक्षा हळू, दमतो, मनगट भरून येतं. पण हाताला कळतं. अंग जरा मागे सरलं की हात थांबतो, पुढे आलं की दाबतो. मशीन दमत नाही आणि तिला कळतही नाही. दोन्हींत काय चांगलं असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, मशीनने मला दाखवलं की तिथे काय आहे, आणि हाताने ते ओळखीचं केलं. माझ्यासाठी सगळं बाहेरच आहे, आत नव्हे. दुसऱ्या बाईचं वेगळं असेल. पण माझं असं आहे, आणि बारा वर्षांच्या संसारात तिकडे कुणी फिरकलंच नाही.

यांच्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही, कारण माणूस वाईट नाही. तू भाऊजी भाऊजी म्हणत त्यांची थट्टा करतेस ती उगाच नाही. दारू नाही, हात उगारणं नाही, माझ्या नोकरीवरून एक शब्द नाही. बुद्धजयंतीला मला नवं लुगडं आणतात आणि रंग माझा मला निवडू देतात. जवळ येतात तेही प्रेमानेच येतात. शेवटी दर वेळी विचारतात, झालं का? आणि मी दर वेळी हो म्हणते. पहिल्यांदा हो म्हटलं ते लाजेने, काय व्हायचं असतं तेच माहीत नव्हतं. नंतर हो म्हटलं ते त्यांचा चेहरा पडू नये म्हणून. मग ती सवयच झाली. आता काय होतं ते मला कळलंय, आणि तरी मी हो म्हणते.

म्हणून जूनच्या सुरुवातीला मी सांगायचं ठरवलं. तीन दिवस मनात वाक्यं जुळवली. पुस्तकातला शब्द वापरावा तर तो पुस्तकात नाही. गावातला शब्द वापरावा तर तो शिवी आहे. जेवण झालं, मशीन त्यांच्यासमोर ठेवली, आणि माझ्या तोंडून आपल्या दवाखान्यातला एकच शब्द निघाला. मी म्हटलं, याच्यानं मले लय आराम वाटते. इतकं बोलून मी जमिनीकडे पाहत बसले. आता हे विचारतील, कुठे, कसा. मला तेवढंच हवं होतं.

यांनी मशीन हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, “तुले आराम वाटते त मंग मायच्या गुडघ्याले बी वाटन.” आणि उठून आतल्या खोलीत घेऊन गेले.

अंजना, मी त्यांना अडवू शकले नाही. काय म्हणून अडवणार होते? सासूने, आमच्या बायनाबाईंनी, ती गुडघ्याला लावली आणि त्यांना खरंच आराम पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या सुगंधाबाईंना बोलावलं. तिसऱ्या दिवशी रुखमाबाई आपली खांदेदुखी घेऊन आल्या. आठवड्याभरात आमच्या पडवीत दुपारी बायकांची रांग लागायला लागली, पानसुपारी फिरायला लागली, आणि पसरट टोपी, माझी पसरट टोपी, पाठीवरून, पोटऱ्यांवरून, मानेवरून फिरायला लागली. उपकेंद्रावरून परत आले की दारातच मला सांगायच्या, नर्सबाई, लय आराम पडते वो. मी हसून बरं म्हणायचे आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायचे. कधी कधी वाटायचं, यांच्यातली एखादी तरी दुसरंच काही सांगत असेल. पण मी विचारलं नाही, आणि माझं त्यांनी ओळखलं नाही.

दोनदा मी मशीन मागितली. कंबर दुखते म्हटलं. सासूने दिलीही, पण स्वतः माझ्या पाठीशी बसून, पदर सारून, कमरेला लावून दिली. माया करतात ग. त्या मायेवर ओरडता येत नाही हाच तर त्रास आहे. तेवीस ऑगस्टला दुपारी पाऊस कोसळला, सगळ्यांनी पंप बंद केले, व्होल्टेज एकदम चढलं, आणि सासूच्या गुडघ्यावर मशीनने धूर सोडला. त्या घाबरून ओरडल्या. मी धावत गेले, वायर उपटली, आणि खरं सांगते, गुडघा भाजला का ते आधी पाहिलं नाही, मशीन पाहिली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हे ती उघडून बसतात. धानाचा हंगाम यायचा आहे, मिल बंदच आहे, त्यामुळे यांना हात चालवायला काहीतरी हवंच असतं. तुला ठाऊक आहे यांचं काम किती बारीक असतं. मिलच्या दारातून नुसता आवाज ऐकून सांगतात की पट्टा ढिला आहे की बेअरिंगला ग्रीस हवं आहे. दुसऱ्या गावचे मिलवाले त्यांना घेऊन जायला येतात. परवा दिवेलागणीला मी कंदील धरून बसले होते आणि हे तारांची गुंडाळी उलगडत होते. इतक्या हळुवार हाताने, की माझं लक्ष त्या बोटांवरून हलेना. मी विचारलं, आत काय बिघडलं ते बाहेरून तुम्हाला कसं कळतं? तर म्हणाले, “मशीनले बोलता नाई येत न. आपणच कान द्या लागते.”

मी कंदील खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. भांडी उगाच आपटली. इतका राग मला या माणसाचा बारा वर्षांत आला नव्हता, आणि त्याच क्षणी इतकं कळवळूनही आलं नव्हतं. बोलता येत नाही अशा वस्तूला हे कान देतात. मला बोलता येतं, म्हणून मी हो म्हटलं की विषय संपतो. चूक त्यांची किती आणि माझी किती, हे मी दोन दिवस तोलते आहे. बराचसा भार माझ्याच बाजूला येतो, आणि त्यानेच मी जास्त चिडते.

आता हे पत्र का लिहिलं ते. मोटरचे कार्बन, ते आत घासणारे काळे तुकडे, आरमोरीत मिळत नाहीत, म्हणून उद्या सकाळच्या गाडीने हे चंद्रपूरला निघतात, आणि तिथे नाही मिळाले तर तुझ्याकडे माजरीला येतील. पत्र त्यांच्याच खिशात असेल. लग्नापासून तुला लिहिलेलं माझं प्रत्येक पत्र यांनी वाचलंय. लपूनछपून नव्हे. पोस्टात टाकायला नेतात, वाटेत सायकल उभी करून वाचतात आणि घरी येऊन मला माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सांगतात. तू नेहमी तक्रार करतेस ना, की माझ्या पत्रांत पाऊसपाण्याशिवाय काही नसतं, ते यामुळे. डिंकाची बाटली समोर आहे आणि मी पाकीट चिकटवणार नाही. अंजना, मला माफ कर, हे पत्र तुला लिहिलेलंच नाही. अहो, तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तर गाडी मूल गावाच्या पुढे गेली असेल. शेजारच्या सीटवरच्या माणसाला दिसणार नाही असं धरा. मी बारा वर्षं खोटं हो म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आणि मला भीती वाटत होती म्हणून. तुमच्यात काही कमी नाही. सांगायचं काम माझं होतं आणि मला शब्द सापडला नाही. कार्बन मिळाले तर आणा, मशीन मायलाच राहू द्या. मला तुमचा हात पुरेल. घरी आल्यावर चुका सांगायच्या असतील तर जरूर सांगा, आज पुष्कळ असतील. मग दार लावा, आणि एकदा मला विचारा, कुठी. मी सांगेन.

तुमचीच,
फुला