मृगयेचं अंदाजपत्रक आणि कपाटाची किल्ली

ब्रॅकनेल,
११ नोव्हेंबर २००६

वेदशास्त्रसंपन्न शशीशास्त्री यांच्या दुखऱ्या गुडघ्यांना आधी, आणि मग खुद्द शास्त्रीबुवांना, रघुवीरचा नमस्कार.

पाठशाळेत तू माझ्या एक इयत्ता पुढे होतास आणि मावसभाऊ म्हणून सहा महिन्यांनी मोठा, तेव्हा एवढा मायना तुला पचेल. वाईची थंडी पडायला लागली असेल. गुडघ्यांना सांभाळ आणि नदीवर भल्या पहाटे जाण्याचा हट्ट सोड. देवाला उन्हं वर आल्यावरची आंघोळही चालते. वहिनींचं लोणचं पोचलं. (बरणी फुटली नाही. विमानात फुटते ती बरणी नेहमी दुसऱ्याची असते.) आम्ही दोघं बरे आहोत. लेक ईशिता युनिव्हर्सिटीत गेल्यापासून घर मोठं झालंय आणि नीना ते रोज आवरते.

आता तुला सांगायचं ते असं, की मला शिकारीचा नाद लागलाय. वाचून चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस. ऑफिसात माझ्या शेजारी ग्रॅहम नावाचा सज्जन बसतो. गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी तो मला हॅम्पशायरच्या रानात घेऊन गेला, नुसता बघ्या म्हणून. तिथे फेझंट मारतात. फेझंट हा मोराचा गरीब चुलतभाऊ. शेपूट आहे, नाच नाही. शिकारी रांगेत उभे राहतात, समोरच्या झाडीतून माणसं काठ्या आपटत रान उठवत येतात आणि पक्षी डोक्यावरून उडतात. पण हे सगळं नंतर. त्याआधी अर्धा तास काहीही न करता उभं राहायचं असतं. शशी, तो अर्धा तास. धुकं इतकं खाली आलेलं, की पन्नास पावलांवरचा ओक खरा की आठवणीतला, हे कळत नाही. ओल्या पानांचा वास. कुठे तरी एखादा थेंब फांदीवरून सुटतो आणि खाली पोचायला त्याला फार वेळ लागतो. सगळे गप्प. कोणी मला प्रोजेक्ट कुठवर आलं असं विचारत नाही, आणि मीही स्वतःला काही विचारत नाही. वीस वर्षांत या देशानं मला खूप काही दिलं, पण माझ्या मापाचं म्हणावं असं हे पहिलंच. मृगया हे राजाचं पहिलं व्यसन हे तूच माझ्याकडून घोकून घेतलं होतंस. त्याच यादीत एक घर सोडून दिवसा झोपणं आहे. धुक्यात उभ्या उभ्या मला दोन्ही साधतात.

(पक्ष्याचं म्हणशील तर मी अजून एकही मारलेला नाही. बंदूकच नाही. शिवाय मी अंडंही खात नाही, हे ग्रॅहमला अजून सांगितलेलं नाही.)

तर ग्रॅहम आणि आणखी आठजण मिळून दर वर्षी त्या रानाचा खर्च वाटून घेतात. त्यातली एक जागा रिकामी झालीय आणि नवीन वर्षापर्यंत ती त्यानं माझ्यासाठी धरून ठेवलीय. बघ्या म्हणून एकदाच जाता येतं. पुन्हा धुक्यात उभं राहायचं तर जागा घ्यायला हवी. म्हणून मी अंदाजपत्रक करायला बसलो. गुरुजींनी शिकवलं होतं, मिळकतीचे पाच भाग करावेत: धर्माला, कीर्तीला, धन वाढवायला, इच्छेला आणि आप्तांना. मी तसे पाच रकाने आखून नीनासमोर ठेवले. ती इथल्या कौन्सिलच्या फायनान्समध्ये आहे, तेव्हा रकान्यांचा तिला धाक नाही.

"यात मॉर्गेज कुठे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आप्तांत. बँकेइतकी आपली आठवण दुसरं कोण काढतं?

"आणि कौन्सिल टॅक्स?"

कीर्तीत.

"बॉयलरची दुरुस्ती?"

मी म्हटलं, धर्मात, अग्निहोत्रच ते. शेवटी इच्छेच्या रकान्यात महिना नव्वद पौंड उरले. त्यातून परवान्याची फी, भिंतीला ठोकायचं पोलादी कपाट, गुडघ्यापर्यंतचे बूट, शेवाळी रंगाचा कोट, रानाचा वाटा, मग बंदूक आणि सर्वात शेवटी काडतुसं. या हिशेबानं माझा पहिला पक्षी २००९च्या फेब्रुवारीत पडणार होता, आणि एक तारीख उलटली की फेब्रुवारीत शिकार बंद असते. एका पक्ष्यामागे खर्च किती, असं नीनानं विचारलं. मी म्हटलं, पक्षी शून्य. शून्यानं भागलेल्या राशीला आपल्याकडे खहर म्हणतात, ती अनंत असते, त्यात भर घाला की काढून घ्या, फरक पडत नाही. नीना म्हणाली, आमच्या ऑफिसात याला वेगळं नाव आहे.

तरीही कोट आणि कपाट आलं. कपाट आधी लागतं, कारण परवाना देण्यापूर्वी पोलिसांचा माणूस ते बघायला येतो. जिन्याखाली भिंतीला चार बोल्ट मारून ते बसवलं. नीना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिची नजर मी ओळखायला हवी होती. वीस वर्षं तिचे दागिने पिठाच्या डब्यात, मोज्यात आणि एकदा (दोन महिने शोधत होतो) फ्रीझरमधल्या मटारांत राहिले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो, तर कपाटात पाटल्या, तोडे, दोन पैठण्या, चांदीचं तबक, पासपोर्ट आणि माझ्यापासून वाचवलेला बेसनाच्या लाडवांचा डबा. किल्ली तिच्या पर्समध्ये.

पोलिसांचा माणूस आला तो फार सभ्य. चहा घेतला, शंकरपाळे घेतले, कपाट उघडायला सांगितलं. त्यानं आत वाकून बघितलं.

"बंदूक कुठे ठेवणार?" त्यानं विचारलं.

"लाडू संपले की जागा होईल," नीना म्हणाली.

मग त्यानं किल्ली कुणाकडे असते ते विचारलं आणि नीनानं ती अभिमानानं दाखवली. तेव्हा त्यानं मऊ आवाजात कायदा सांगितला: एकदा आत बंदूक आली की किल्ली परवानाधारकाकडेच. घरातल्या दुसऱ्या कोणाला ती कुठे आहे हेही कळता कामा नये. परवाना माझ्या नावाचा होणार. म्हणजे नीनाच्या पाटल्या माझ्या ताब्यात, आणि किल्लीचा पत्ता फक्त मला ठाऊक. शशी, लग्नाला बावीस वर्षं झाली, पण नीनानं माझ्याकडे इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. ठरवून कळवा, असं म्हणून तो माणूस गेला.

"अहो, घराची किल्ली दिली तर तुम्ही ती बसमध्ये ठेवून येता," ती म्हणाली, "आणि आईचे तोडे तुमच्या भरवशावर?"

तेव्हापासून कपाट बंद आहे, माझा अर्ज पडून आहे आणि शनिवारी मी खिडकीशी उभा राहून समोरच्या कार पार्कवरचं धुकं बघतो. ते लवकर विरतं.

बाकी तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, गुडघ्यांना तेल.

तुझा,
रघुवीर

ता. क. मागणं नाही असं म्हटलं, तरी एक आहे. नीना म्हणते, शशीभाऊजींना विचारा; शिकार तुमच्यासारख्यांनी करावी असं त्यांनी लिहून दिलं, तर कपाट रिकामं करते. तू तिला फार मोठा विद्वान वाटतोस. (ती तुझ्या वर्गात नव्हती.) तर पाठशाळेच्या कागदावर, शिक्का मारून, चार ओळींचं अनुकूल मत लिही. ३१ डिसेंबरच्या आत इथे पोचेल असं बघ, नाही तर जागा जाईल.

दुसरा ता. क., १६ डिसेंबर. हे पत्र नव्या कोटाच्या आतल्या खिशात राहिलं होतं. आता ते मत नको. नीनानं पोलिसांच्या त्या माणसाला स्वतःच फोन केला. परवानाधारकाकडेच किल्ली असते ना, एवढं पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि स्वतःच्या नावाचा अर्ज भरला. पन्नास पौंड तिनं इच्छेच्या रकान्यातून घेतले. ओळखीचा माणूस म्हणून सही केली ग्रॅहमनं. माझा अर्ज परत मागवला; एका घरात एक परवाना पुरे, असं तिचं म्हणणं. रानातली जागा एका दंतवैद्यानं घेतली. माझे शनिवार गेले, शशी. कोट घालून जरा वेळ बागेत उभा राहिलो.

तिसरा ता. क., २१ जानेवारी २००७. पाकीट चिकटवणार होतो, पण हे राहायला नको. नीनाला परवाना मिळाला. किल्ली कुठे आहे हे मला कळता कामा नये, आणि कळत नाही. ऑफिसात माझा चेहरा बघून ग्रॅहम म्हणाला, रान उठवायला माणसं कमी पडतात. परवाना लागत नाही, काठी लागते, वर दिवसाचे वीस पौंड आणि सूप. काल गेलो. झाडांच्या बुंध्यांवर काठी आपटत, तोंडानं काही तरी आवाज करत धुक्यातून चालायचं. इतर लोक जे ओरडतात ते मला जमेना. म्हणून लहानपणचे देवः देवौ देवाः सुरू केले. रानरक्षकानं माझा आवाज वाखाणला. उभं राहण्यापेक्षा चालणं बरं, शशी. धुकं आपल्याबरोबर येतं, आणि मागे वळून बघितलं तर आपण आलो ती वाट नाहीशी झालेली असते. असं सगळं रान चालून होईपर्यंत मी कुठल्या देशात आहे हे मला नक्की सांगता आलं नसतं.

नीनाही बघायला आली होती. रांगेत त्या वेळी ग्रॅहमनं आपली जागा आणि बंदूक नीनाला दिली होती, एका फेरीपुरती. मी चतुर्थी विभक्तीला पोचलो तेव्हा एक मोठा नर फडफडत उठला आणि नेमका तिच्या डोक्यावरून गेला, अगदी सावकाश. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं बंदूक वर केलीच नाही. घरी येताना गाडीत मी कारण विचारलं.

"पन्नास पौंड भरले ते किल्लीसाठी," नीना म्हणाली. "त्या पक्ष्यानं माझं काय घोडं मारलंय?"