नणंदेच्या लॅपटॉपची यादी

३ जून, सोमवार
भरतकामाचं मशीन ठणठणीत. त्याला डिझाइन पाठवणारा कॉम्प्युटर आजारी. त्यात नवा बोर्ड बसवला, तर त्याला मशीनची वायर लावायचा पोर्टच दिसेना. शनिवारी शाळेचे दोनशे बिल्ले द्यायचेत. नाही दिले तर शाळेचं काम कायमचं नणंदेकडे. तिचंही मशीन आहे. मेलं कधी बंद पडत नाही.

४ जून, मंगळवार
कॉम्प्युटरवाला येऊन गेला. म्हणाला, काकू, बोर्डात एक यादी असते. पंखा कुठे, पोर्ट कुठे. सिस्टीम ती वाचते. तुमच्या यादीत पोर्टची ओळच नाही. घरून लिहून शुक्रवारी आणतो, तोवर हात लावू नका.
एका ओळीला तीन दिवस! यादी कशी काढतो, कशी चढवतो ते खांद्यावरून बघून घेतलं. चार बटणं. शाळा चौथीपर्यंतच, पण भरतकामही मी बघूनच शिकले.

५ जून, बुधवार, दुपारी
उपाय सापडला. नणंदेच्या लॅपटॉपला पोर्ट दिसतो, म्हणजे तिच्या यादीत ती ओळ असणारच. तयार असताना नवी लिहायची कशाला? यांना म्हटलं, दुसरीचं ब्लाउज जरा सैल होतं, पण अंगात जातं ना? हे म्हणाले, विचार कर. केला.
नणंदेकडे गेले. ती चहा टाकायला उठली, तेवढ्यात यादी पेनड्राइव्हवर घेतली. चोरी नाही. तिची तिच्याकडे आहेच.

संध्याकाळी
चढवली. कॉम्प्युटर सुरू झाला! कॉम्प्युटरवाल्याला सांगणार नाही, बिचाऱ्याचा धंदा बसेल.
पोर्ट अजून दिसत नाही. बुजला असेल.

६ जून, गुरुवार
कॉम्प्युटर म्हणतो, बॅटरी चार टक्के, चार्जर लावा. अरे, तुला बॅटरीच नाही! मग म्हणाला झाकण मिटलंय, आणि झोपला. झाकण कुठलं? उठवला, झोपला. सतरा वेळा. हे म्हणाले, लॅपटॉपची यादी घातलीस, आता तो स्वतःला लॅपटॉप समजतोय. यांना विचारलं कोणी?
रडले. थोडंच.
मग हाताने भरायला बसले. दिवसभरात चार बिल्ले. उद्या वेग येईल.

७ जून, शुक्रवार
वेग आला नाही. एकूण सहा झाले.
कॉम्प्युटरवाला त्याची ओळ घेऊन आला. ती चढवायच्या आत डबा झोपतो. उचलून घेऊन गेला, सोमवारी देतो म्हणाला. जाताना म्हणाला, काकू, हात लावला नसता तर दहा मिनिटांचं काम होतं. मुद्दाम बोलतात ही माणसं.

८ जून, शनिवार
शाळेचं काम नणंदेला दिलं. माझाच निर्णय. शाळेने तिला सकाळीच फोन केला होता, ते वेगळं.
दुपारी तिच्याकडे देखरेखीला गेले. ती म्हणाली, वहिनी, बसलाच आहात तर बिल्ल्यांच्या मागचे दोरे कापा. कापले. म्हणाली, अजून जवळून.
कापले.