दहा लाख एक

ताडकळस,
बुधवार, दि. ११ जून

चि. महारुद्र यास अक्काचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा आता दुखत नाही. तुझी खुशाली विचारत नाही. एवढा मोठा बोर्ड लावणाऱ्याला काय धाड भरली आहे?

क्लासच्या भिंतीवरची ती लाल अक्षरं अजून आहेत ना? '१०,००,००१ : कुणालाही न फुटलेली मूळ संख्या.' आहेरात वर एक घालतात तसा दहा लाखांवर एक चिकटवलास आणि दहावीच्या सत्कारात सांगितलंस, हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. का, तर तू दोनपासून सत्त्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिलास. अरे शहाण्या, दहा लाखांच्या संख्येला हजारापर्यंत तपासावं लागतं. तू सत्त्याण्णवाला दमलास आणि पुढचीच मूळ संख्या एकशे एक. १०१ गुणिले ९९०१ करून बघ. गुणाकार तरी येत असेल.

अपेक्षा उभी राहून म्हणाली, "मामा, एकशे एकनं भाग जायलाय."

तू हसलास. "मामालाच शिकवायलीस व्हय? इचार तुझ्या आईला. मला पाढे तिनंच शिकवलेत."

दीडशे पोरं माझ्याकडे बघायला लागली.

इथवर तुला नावं ठेवणं सोपं होतं. पुढचं आठ दिवस लिहवत नव्हतं. अपेक्षा बोलली तेव्हाच मी मनात दोन-दोन अंकांचे गट पाडले, आळीपाळीनं बेरीज-वजाबाकी केली. शून्य आलं. पोरगी बरोबर होती. तरी मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, "बस खाली. मामा सांगायलेत ते बरोबर हाय."

भावाची लाज राखली. पोटच्या पोरीला चारचौघांत खोटं पाडलं. तुला निदान माहीत नव्हतं, महारुद्रा. मला माहीत होतं. मला माझीच किळस येते.

घरी आल्यावर तिनं अकरावीच्या फॉर्मवरचं गणित खोडलं. काल मी तिला खरं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला ठाव होतं. तुझी बोटं हालायली होती."

मी म्हणाले, चुकलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगायलीस? तिथं सांग."

फॉर्म बदलायला सोमवारपर्यंत मुदत आहे. रविवारी दहाच्या बसनं मी येते. तीच पोरं बसवून ठेव. तू नाही बसवलीस तर मी बाहेर रस्त्यावर उभी राहून सांगेन, आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे.

फळा पुसून ठेव. त्यावर आधी माझी चूक लिहीन, मग तुझी.

राजेश्री