दिवसा न सांगायची गोष्ट

रबात,
८ मार्च २००४

ती. तूदाताईस,

बास्सूचा सलाम, वि. वि.

तू पाठवलेलं अंजिरांचं गाठोडं ट्रकवाल्याने पोचवलं. पुरवून खायची असं ठरवलं होतं. दोन दिवसांत संपली. भाड्याच्या खोलीत एकट्या माणसाच्या हाताला फार काम नसतं.

बातमी चांगली आहे. न्यायालयाने आपला दावा दाखल करून घेतला. कंपनीचा वकील उभा राहिला आणि म्हणाला की वरचं कुरण बेवारस आहे, तिथे वस्ती नाही, कुणाकडे कागद नाही. मग तिथे बर्फाच्या खेळांचं हॉटेल झालं तर कुणाचं काय जातं? बेवारस! जिथलं गवत पोसावं म्हणून आपली अख्खी टोळी मार्चपासून ऑगस्टपर्यंत एक शेळी आत जाऊ देत नाही, ते बेवारस! ज्यांनी राखलं त्यांचे हात रिकामे, आणि ज्यांनी कधी तिथे पाय ठेवला नाही त्यांच्या हातात नकाशा.

मी सांगितलं की आमच्याकडे कागद नाही, गोष्ट आहे. आंधळ्या इज्जा आजीची. हद्दीची एकेक खूण तिच्यात आहे. न्यायाधीशांनी मान हलवली. जुलैत त्यांचा अधिकारी येईल, हद्दीवरून चालेल आणि गोष्ट जागच्या जागी लिहून घेईल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती आता एका तुलाच येते, ताई. तो येईल त्या दिवशी सकाळी दहाला तयार राहा.

लोभ आहेच, अंजिरांसकट राहू दे.

तुझा,
बास्सू

*

अनमर,
२५ मार्च

चि. बास्सू यास,

अनेक आशीर्वाद.

इकडे बर्फ उतरू लागलंय. परवा कुरण बंद झाल्याची हाक मुखियाने छतावरून दिली. ऐकायला आम्ही किती उरलोत विचारू नकोस. शेजारची रब्हा लेकाकडे शहरात गेली. गावाच्या या अंगाला आता माझ्या एकटीच्या चुलीचा धूर निघतो. एका माणसाची भाकरी करताना हात चुकतो रे. पीठ दरवेळी जास्तच पडतं.

दाव्याचं वाचून बरं वाटलं. पण सकाळी दहाला मी गोष्ट सांगणार नाही. शहरात राहून विसरलास का? गोष्ट दिवस मावळल्यावरच सांगायची. उजेडात सांगितली तर सांगणारीच्या लेकरांच्या डोक्याला लागते, केस झडतात. तुला गोवर निघाला होता, भर दुपारी रडत होतास, म्हणून आईने तुला कोल्ह्याची गोष्ट सांगितली. तिशीच्या आत तुझं डोकं घासलेल्या पातेल्यासारखं झालं. बायका विहिरीवर आईला म्हणायच्या की बाई, पोराचं डोकं स्वतःच्या जिभेने सोललंस. ती मरेपर्यंत ऐकत होती.

मला एकच लेकरू आहे. नऊ वर्षं झाली झायदला स्पेनला जाऊन. तिथल्या प्लास्टिकच्या शेतघरांत टोमॅटो खुडतो. राहण्याचे कागद नाहीत, म्हणून येता येत नाही. आला तर परत जाता येणार नाही. वर्षाला एक फोटो येतो, त्यात ती निळी टोपी. ऊन फार असेल तिकडे. निघाला त्या सकाळी मी त्याच्या डोक्याला तेल लावलं होतं. बोटं अडकत होती इतके दाट केस. त्यांना काही होईल असं मी करणार नाही.

अंजिरं आणखी पाठवते. राग नको, माया असू दे.

तूदा

*

रबात,
११ एप्रिल

ती. ताईस,

सलाम.

पत्र वाचून आधी हसलो, मग संतापलो. माझं टक्कल कोल्ह्यामुळे पडलेलं नाही. आजोबांना होतं, मला आहे, संपलं!

तिकडे कंपनीने खांब रोवायला घेतलेत. ऑगस्टपर्यंत तारा ताणल्या जातील आणि मग कुरण उघडल्याची हाक मुखियाने कितीही घसा फोडून दिली तरी मेंढरं तारेशी थांबतील. मी गावोगाव सभा घेतो. आमच्या गोष्टी हीच आमची सनद, असं म्हणतो. लोक उठून टाळ्या वाजवतात. आणि माझी सख्खी बहीण मूठभर केसांपायी ती सनद पेटीत घालून पेटीवर बसली आहे! ते आपल्याला अडाणी म्हणतात तेव्हा माझ्या अंगाची आग होते. त्यांना आयतं कोलीत देऊ नकोस. हा भाबडेपणा टाक.

रागात लिहिलंय, पण माझ्या समजुतीप्रमाणे खरं लिहिलंय. उत्तर दे.

बास्सू

*

अनमर,
२ मे

चि. बास्सू यास,

आशीर्वाद आहेतच, रागावलास म्हणून कमी होत नाहीत.

तुझं भाषण चुलीपाशी मोठ्याने वाचलं. छान आहे. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, गाढवाने कान हलवले.

आता माझं ऐक. वर गवत गुडघ्याला आलंय. माझ्या दोन मेंढ्या खाली वाळकं गवत चघळताहेत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. वर कुंपण नाही, पहारा नाही. कुणी बघणारसुद्धा नाही. तरी मी त्यांना वर सोडत नाही, आणि पलीकडच्या खोऱ्यातला माणूसही सोडत नाही. कशासाठी? बंद म्हटलं की बंद, एवढ्यासाठी. हाच तुझा दावा आहे ना? याच्याच जोरावर तू म्हणतोस ना की कुरण आमचं?

मग गोष्ट खरी आणि गोष्टीचा नियम भाबडा, हे कसं? आज मी म्हणायचं की दिवसाला काय होतं, सांगून टाकू. उद्या कुणी म्हणेल की मार्चला काय होतं, चारून टाकू. नियम सोयीपुरता पाळायचा असेल तर तो कंपनीलाही पाळता येतो. मला वकिली येत नाही. पण तू ज्या फांदीवर उभा राहून ओरडतोस तीच तोडतोयस, एवढं इथून दिसतं.

जेवत जा. पत्रातसुद्धा बारीक वाटतोस.

तूदा

*

रबात,
२० जून

ती. ताईस,

सलाम, आणि या वेळी मान खाली घालून.

तुझं पत्र खिशात घेऊन मी बरेच दिवस हिंडलो. सभेत बोलायला उभा राहिलो आणि सनदेचं वाक्य न म्हणताच खाली बसलो. लोकांना वाटलं, घसा बसला.

मी अर्ज दिला की पाहणी सूर्य मावळल्यावर व्हावी. कारण वाचून कारकून इतका हसला की त्याचा चहा सांडला. शेरा आला: हद्द उजेडात दिसली पाहिजे. मित्र म्हणतात की गोष्ट राहू दे, नुसते दगड दाखवू. पण डोंगरात दगडांना काय तोटा? आपला कोणता, ते गोष्टच सांगते.

आणखी वाईट म्हणजे अधिकारी २१ जुलैला येणार, आणि त्याच आठवड्यात मी जिनिव्हात असेन. जगभरच्या आपल्यासारख्या लोकांची सभा आहे, मला तीन मिनिटं दिली आहेत. दोन्हीकडे विनवण्या केल्या, तारीख हलली नाही. माझ्या जागी एक तरुण वकील येईल. भला आहे, पण त्याला आपली भाषा येत नाही.

तू सांगच, असं मी आता म्हणणार नाही. तू गप्प राहिलीस तर दावा बहुधा जाईल. खोटा धीर देत नाही. पण तूदामुळे कुरण गेलं असं मी कुणाला बोलू देणार नाही. स्वतःलाही नाही.

तुझा,
बास्सू

*

जिनिव्हा,
२२ जुलै

ती. ताईस,

हे नुसतं कार्ड आहे, मागे तळ्याचं चित्र. सभागृह अर्धं रिकामं होतं. मी इज्जा आजीपासून सुरुवात केली. ती पहिल्या खुणेशी पोचायच्या आत लाल दिवा लागला, माझा आवाज बंद झाला आणि अध्यक्षीणबाईंनी हसून आभार मानले. बाहेर आलो तेव्हा कळलं की दुपारचे तीन वाजलेत; आईसारखी मीही गोष्ट दिवसाच सांगितली. पण माझ्यामागे केस जायला आहे कोण?

तिकडे काय झालं, कळव. तू काय केलंस तरी माझा सलाम.

बास्सू

*

अनमर,
२३ जुलै

चि. बास्सू यास,

अनेक आशीर्वाद.

सांगितली.

तुझ्या जूनच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाईट रे. भांडला असतास तर मी हटून बसले असते. मग मी इज्जा आजीलाच विचारलं, म्हणजे गोष्ट मनात पुन्हा चालून पाहिली. दोन टोळ्यांचं गवतावरून रक्त सांडलं तेव्हा डोळस माणसावर कुणाचा भरवसा उरला नाही, कारण हिरवं दिसलं की पाय तिकडे वळतो. म्हणून आंधळ्या आजीला चालवलं. ती जिथून गेली ती हद्द. तिला कुठला दिवस? मी काळी ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली आणि अधिकाऱ्याला म्हटलं की माझ्यापुरती रात्र झाली, तुम्ही तुमच्या उजेडात लिहा. कंपनीचा वकील म्हणाला की हे नाटक आहे. मी म्हटलं, बाबा, नाटक असेल तर तूही डोळे बांध आणि चार पावलं टाकून दाखव. खेचरवाले खो खो हसले. त्याआधी अधिकाऱ्याच्या खेचराला मी मुसकं बांधायला लावलं होतं. कुरण बंद आहे, सरकारी तोंड असलं म्हणून काय झालं? तो रागावला नाही, वहीत काहीतरी लिहून घेतलं.

तो म्हणाला, अरबीत सांगा. मी म्हटलं की आजीला अरबी येत नव्हती. मग दुभाष्या धापा टाकत माझ्यामागे. उन्हाळ्यातही एका अंगाने गार असतो तो खडक. पायाखाली पाणी बोलतं ती घळ. रानओव्याचा वास एकदम तुटतो ती कड. बास्सू, या खुणा नकाशात येणार कशा? त्या डोळ्यांसाठी केलेल्याच नाहीत. मी सांगत गेले, ते खडकाला हात लावत, घळीत कान देत मागे आले. मी दोनदा पडले, माझा गुडघा फुटला. कुणी हसलं नाही.

शेवटच्या खुणेवर ओढणी सोडली. समोर लख्ख ऊन. वाटलं, त्या उन्हात मी झायदला उघड्या डोक्याने उभं केलंय. नियम पाळला की फसवला, मला कळत नाही. सगळे उतरून गेले, मी तिथेच बसून राहिले. झायदला पत्र टाकलंय. सगळं सांगून शेवटी लिहिलं, डोक्याला हात लावून बघ आणि खरं काय ते कळव.

माया कर.

तूदा

*

अल्मेरिया,
१९ ऑगस्ट

ती. आईस,

झायदचा सलाम.

तुझं पत्र टोमॅटोच्या ओळीत उभा राहून वाचलं, मुकादम ओरडत होता तरी. तू खरं मागितलंस, म्हणून खरं लिहितो. सोबत फोटो आहे. आधी पत्र संपव, मग बघ.

माझे केस इथे आल्याच्या चौथ्या वर्षी गेले. आरशात बास्सूमामा दिसायला लागला. इथली पोरं हसली, मी नाही. मला विहिरीवरच्या बायका आठवल्या. तू एकटी असतेस. त्या तुलाही म्हणतील की दिवसा तोंड उघडलं असेल. तूच मनात शोधत बसशील की कधी चुकलं, कोणत्या दुपारी. म्हणून टोपी घेतली. निळी फाटली की पुन्हा निळीच घेतो, तुला फरक दिसू नये म्हणून.

तुझ्या गोष्टीने काही झालेलं नाही, आई. जायचं ते आधीच गेलं होतं. हे कळवलं असतं तर तू मार्चमध्येच मोकळी झाली असतीस, याचं फार वाटतं. पण इतकी वर्षं आपण दोघं एकमेकांपासून एकमेकांना राखत बसलो, त्याला काय म्हणू?

प्रेम आहे तसंच ठेव. मी पूर्वीसारखा दिसत नाही.

तुझा,
झायद

*

अनमर,
६ सप्टेंबर

चि. झायद यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी फोटोच पाहिला. माझी आई असती तर तुझं डोकं मांडीवर घेऊन दोन्ही डोक्यांसाठी एकदाच रडली असती. मी रडले आणि मग हसले, आणि घरात हसू ऐकायला कुणी नाही हे आठवून तुझं पत्र वाचायला घेतलं. ज्या केसांना मी एवढं जपलं, ते तिथे नव्हतेच. तुझं ते डोकं मला ओळखता आलं नाही, बाळा. टोपी ओळखता येत होती.

निकाल अजून लागलेला नाही. मामा म्हणतो की वर्षं जातील. पण खांब रोवायचं काम न्यायालयाने थांबवलंय आणि ऑगस्टमध्ये मुखियाने हाक दिल्यावर मेंढरं वर गेली. माझ्याही दोन. आता त्यांच्या बरगड्या दिसत नाहीत.

गावात गोष्ट शिकायला कुणी उरलं नाही. म्हणून बाहेर ऊन असताना, दाराशी बसून, इज्जा आजीची सगळी गोष्ट पुढच्या कागदांवर लिहिली आहे. आता तुझ्या डोक्याची भीती नाही. खडक, घळ, कड, एकही खूण सोडलेली नाही. पाठ कर. कधी आलास आणि मी नसले, तर वर जाताना डोळे बांधून जा.

पण तू ती वाचायची ती दिवस मावळल्यावरच. उद्या तुला लेकरू होईल, त्याच्या केसांची काळजी आपल्याला घ्यायची आहे.

तुझी,
आई