गोड पाण्याचा आड

रविवार, २ सप्टेंबर १९६२. संग्रामपूर

गेल्या दीड वर्षात मला गाण्याची एक ओळ सुचलेली नाही, म्हणून ही रोजनिशी लिहायला घेतली. दुसरे कारण नाही. रोजनिशी लिहिणाऱ्या बायकांबद्दल माझे मत चांगले नाही. पण सिंधूताईने, म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने, पत्रात बजावले आहे : रोज पान-अर्धे पान लिही, काही का असेना, पण स्वतःच्या शब्दांत, हात चालू लागला की गाणे मागून येईल. तीस वर्षे मी शाळांसाठी गाणी लिहिली. प्रार्थना, स्वागतगीते, खेळगीते. कधी अडले नाही. आता अडले आहे, आणि बारा ऑक्टोबरला बुलढाण्याच्या महिला मेळाव्यात इथल्या मुलींनी नवी गाणी म्हणायची आहेत. ती मी लिहायची, या बोलीवरच संस्थेने मला मुख्याध्यापिका म्हणून आणले.

प्रवास उत्तम झाला. शेगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. माझी पेटी टपावर चढवताना कंडक्टरने विचारले, हिच्यात गोटे भरले काय. पुस्तके आहेत म्हटल्यावर म्हणाला, मंग बराबर हाय. कपाशी कमरेला लागलेली, उत्तरेला सातपुडा निळा. मन प्रसन्न झाले.

उतरवून घ्यायला संस्थेचे किसनराव बैलगाडी घेऊन आले होते. बरोबर त्यांची मुलगी द्वारका, वय बारा, दोन लांब वेण्या, आई नाही. घरापर्यंत तिचे तोंड मिटले नाही. प्रत्येक वाक्याआधी ‘बाई!’ अशी हाक, तीही शेतापलीकडे ऐकू जाईल अशी. एकदा हाक मारली तरी मला ऐकू येते, असे सांगितले. ‘हाव, बाई!’ म्हणाली.

घर धाब्याचे, दोन खोल्या, परसात कडुनिंब आणि आड. हा सगळा पट्टा खारपाणाचा. गावच्या विहिरी खारट, चहासुद्धा खारट. माझ्या परसातल्या आडाचे पाणी मात्र गोड. सकाळी गावच्या बायका इथूनच पिण्याचे पाणी नेतात. किसनराव म्हणाले, फक्त आडापाशी कोणी बोलत नाही आणि गात तर नाहीच. बायकांना गप्प राहायची सवय लागली असेल तर चांगलेच आहे. कारण मी विचारले नाही.

बुधवार, ५ सप्टेंबर

शाळेत चौदा मुली. शिस्त नाही, पण गळे आहेत. द्वारकेचा आवाज ऐकून मी पुस्तक खाली ठेवले. असा आवाज तीस वर्षांत दोनदा ऐकला असेन.

संध्याकाळी चार तास कागदापुढे बसले. पहिला शब्द येतो, दुसरा त्याला हसतो, म्हणून पहिला खोडते. आधी मला याची लाज वाटे. आता भीती वाटते. मी गाणी लिहिणारी बाई नसेन तर उरते ती फक्त रागीट बाई.

शेजारच्या वच्छलाबाई पहाटे सर्वांत आधी पाण्याला येतात. सत्तरीच्या आहेत. आज जाताना हळूच म्हणाल्या, बाई, पानी प्या, पन आडाचं आयकू नका. मी म्हटले, आड बोलतो का? त्या म्हणाल्या, मांगतल्याबिगर नाई बोलत.

रविवार, ९ सप्टेंबर

सुचले!

सकाळी पोहरा ओढत होते. चिडून मोठ्याने म्हटले, एक ओळ तरी दे रे. कोणाला म्हटले कोण जाणे. रहाट कुरकुरत होता, त्या कुरकुरीला चाल आली, चालीला शब्द आले. ओल्या हाताने आत धावले.

खाऱ्या रानी गोड पानी माह्या बापाच्या आडी,
सोड दोर, भर घागर, दारी लागली गाडी...

सोळा ओळी, एकही खाडाखोड नाही. वऱ्हाडी माझ्या लेखणीला कशी वळली याचे नवल वाटले, पण आठवडाभर कानावर हीच बोली आहे. सिंधूताईला पत्र टाकले. रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

आज पौर्णिमा. इथे महिनाभर भुलाबाई बसते : शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. मुली रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात. शेवटी घरची बाई झाकलेला डबा वाजवते आणि आतला खाऊ मुलींनी ओळखायचा. द्वारकेसारखे कोणी ओळखत नाही. डब्याला कानही लावावा लागत नाही.

मी बसवलेले नवे गाणे आज माझ्या अंगणात म्हटले. द्वारका एकटी गाणारी, बाकीच्या नुसत्या टाळ्या धरणाऱ्या. बायका डोळे पुसू लागल्या. वच्छलाबाई मात्र मधेच उठल्या आणि भिंत धरत घरी गेल्या.

शनिवार, १५ सप्टेंबर

वच्छलाबाई आल्या. ते गाणे त्यांच्या थोरल्या बहिणीचे, शालूचे, म्हणे. या गावातली रीत अशी : लग्न ठरलेली मुलगी शेवटच्या भुलाबाईला आपले स्वतःचे एक गाणे करायची. ते कुणापुढे म्हणायचे नाही. एकटीने आडावर वाकून आत म्हणायचे आणि आडाला देऊन टाकायचे. दिले की तिला ते पुन्हा आठवत नसे. त्या गाण्यांनी हा आड गोड झाला. वच्छलाबाई तेव्हा लहान होत्या, कडुनिंबामागे लपून त्यांनी ऐकले होते. त्यांच्या ओठांवर ते साठ वर्षांत आलेले नाही.

मी म्हटले, लपून ऐकलेले आणखी कोणी असेल, माझ्या कानावर ते कुठेतरी पडले असेल. त्या उठल्या. म्हणाल्या, थे गानं पोट्टीनं म्हनलं, बाई. आड आपलं वापस मांगते. ज्याच्या तोंडातून गेलं त्याच्याजवळून.

म्हातारीची समजूत. दुपारी पाणी प्यायले. किंचित मचूळ लागले. पाऊस लांबला की होते असे.

मंगळवार, १८ सप्टेंबर

किसनरावांच्या घरी भुलाबाई. गाणी झाली. आशाबाईंनी, म्हणजे त्या दिवसापुरत्या आलेल्या द्वारकेच्या आत्याने, डबा वाजवला. सगळ्या द्वारकेकडे बघत होत्या. तिने तोंड उघडले. मला तिच्या ओठांवर ‘फुटाणे’ स्पष्ट दिसले. आवाज आला नाही. मुली हसल्या, नकला करू नको वं, म्हणाल्या. तिने पुन्हा तोंड उघडले. मग गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले.

डब्यात फुटाणेच होते.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

तालुक्याच्या गावच्या, इथल्या जळगावच्या, डॉक्टरांनी द्वारकेला तपासले. गळा स्वच्छ, सूज नाही. हसते ती आवाजाशिवाय, खोकते तीही आवाजाशिवाय.

दुसरे गाणे आले आहे. मी मागितले नव्हते. पोहरा सोडला नव्हता, आडाकडे गेलेही नव्हते. वह्या तपासत बसले होते आणि लाल शाईने लिहून झाल्यावर कळले. कोणाला दाखवलेले नाही. कागद पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात.

ते फार सुंदर आहे. हे लिहायला नको होते.

रविवार, २३ सप्टेंबर

मुली भुलाबाईहून परतत होत्या. रस्त्यावरून गाण्याचा आवाज आला. दाराशी जाऊन उभी राहिले.

दुसरे गाणे. द्वारकेशिवाय सगळ्या मिळून. पेटीचे कुलूप जसेच्या तसे.

ओरडले, थांबा. त्यांना वाटले, मी चुकीबद्दल रागावले. सुधारून पुन्हा म्हणाल्या.

सोमवार, २४ सप्टेंबर

हजेरी घेतली. पहिले नाव घेतले. मुलीने हात वर केला. उत्तर दे, म्हटले. तिने नुसता हात वर केला, डोळे भरलेले. दुसरे नाव. हात. तिसरे. हात. मी थांबायला हवे होते. शेवटपर्यंत घेतली. चौदा नावे, चौदा हात. वर्गात फक्त माझा आवाज.

घरी आले. पाणी तोंडात धरवेना. आड खारट झाला आहे.

बुधवार, २६ सप्टेंबर

दोन्ही कागद आडात टाकले. तरंगत राहिले. काठीने बुडवले, वर आले. वच्छलाबाई म्हणाल्या, लिहेल कागद त्याले काय कराचा? तोंडानं द्या लागते.

वाकून दोन्ही गाणी म्हटली. माझा आवाज बेसूर, तरी म्हटली. मग शाळेत धावले. द्वारकेने मान हलवली. नाही.

वच्छलाबाईंना पुन्हा विचारले, आड का घेत नाही? त्या म्हणाल्या, थे तुमचं कुठं होतं, बाई? चोरीचा माल वापस केल्यानं डांड फिटत नाई. सोताचं द्या.

स्वतःचे.

शनिवार, २९ सप्टेंबर

तीन दिवस कागदापुढे. हवे एवढेच : एक गाणे. चार ओळी. दोन. माझ्या.

जुनी तीस वर्षांची गाणी आडात म्हणून पाहिली. पाणी हललेसुद्धा नाही. वाचून पाहिली तर माझीच मला ओळख पटेना. सणाला हवे ते, इन्स्पेक्टरला आवडेल ते. त्यांत मी कुठेच नाही.

आणि जे येते ते आडातून येते. तिसरे हजेरीपटावर आले. चौथे दुधाच्या हिशेबाच्या कागदावर. थांबवता येत नाही. हात उशीखाली दाबून बसते. मीच मला विचारते, बाईसाहेब, सुचत नव्हते ना?

बुधवार, ३ ऑक्टोबर

किसनराव आले. ते ओरडतील अशी मी वाट पाहत होते. ओसरीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, बाई, घरात थे एकच बोले. मी तं पहिल्यापासून कमी बोलतो. आता दोघं जेवतो तं भाकर मोडल्याचा आवाज येते.

मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, मंग लिहा ना बाई एखांदं. तुमाले तं येते.

मला येत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढे बोलले.

रविवार, ७ ऑक्टोबर

बायका तीन कोसांवरून पाणी आणतात. माझ्या दारावरून जातात. कोणी शिव्या देत नाही. दिल्या तर बरे.

द्वारका आज आली. पाटीवर लिहिले, बाई, रडू नका. मी रडत नव्हते. असे मला वाटत होते.

हात लिहितोच आहे. सातवे. आठवे. भिंतीवर कोळशाने. बायकांचे आवाज, किती बायका — त्यांनी विश्वासाने ठेवलेले, आणि मी —

गुरुवार, ११ ऑक्टोबर

उद्या मेळावा. कोणी जाणार नाही.

लिहायला काही नाही म्हणून ही वही मागे चाळली. कंडक्टर. गोटे. फुटाणे. हाव, बाई.

दीड वर्षात माझ्या शब्दांत लिहिलेले हेच. कोणी मागितलेले नाही, कोणाला दाखवायचे नाही. यात आडाचे काही नाही — त्या दोन ओळी सोडून. त्या वगळून वाचायच्या.

गाणे नाही. पण माझे आहे.

वच्छलाबाईंना विचारले, हे घेईल का? त्यांनी वही हातात घेऊन पाने उलटली. मग म्हणाल्या, आड घेईन. पन पयल्याच्या पोरींनं एकएक गानं देलं होतं, तं एकएक गानंच गेलं. तुमी हे सारं द्यान तं —

कळले, म्हटले.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

सकाळ. आडाच्या काठावर बसले आहे. दिले त्याची नोंद ठेवते. पोच असावी.

दिले : दोन सप्टेंबरचे पान. मोठ्याने वाचले. पाणी हलले! पान समोर आहे, अक्षर माझे. रेल्वेने आले असे लिहिले आहे. रेल्वे म्हणजे काय, ते —

दिले : पाच सप्टेंबर. तीस वर्षांत दोनदा असे काहीतरी ऐकले होते. काय, ते गेले.

दिले : नऊ. ओळी वगळून.

दिले : चौदा, पंधरा. मातीचे दोघे, वर ती उंच — कापून आणतात, गुरे खातात —

दिले : अठरा. डबा होता. आत काय

म्हातारी बाई शेजारी उभी आहे. हाताने थांब म्हणते. तिचे नाव वर आहे, वाचता येत नाही. बोट लावून अक्षर अक्षर —

दिले : चौदा हात.

दिले : भाकर मोडल्याचा आवाज.

पाणी चाखले. गोड. हा शब्द आहे अजून.

कोणी धावत येते. मुलगी. लांब — दोन — पाठीवर. तोंड उघडे. आवाज येतो! केवढा मोठा. पुन्हा. पुन्हा तोच. एकच आवाज, माझ्याकडे बघून, पुन्हा

चांगला आहे. मला म्हणते बहुतेक. काय म्हणते ते

हे पान राहिले. दिले :