करवतीचा आवाज खाली जातो

रविवार, ५ जानेवारी २०२५

बेल वाजली तेव्हा हातात करवत होती. झालं, आली तक्रार!

दारात खालच्या २०४ मधल्या बाई. घाडीकाकू. आठ महिन्यांपूर्वी मुलाबरोबर इथे राहायला आल्या, तेव्हापासून जिन्यात हसण्यापलीकडे ओळख नाही. पदर खोचलेला, हाताला कणीक. मी आधीच सॉरी म्हणून मोकळी झाले — काकू, बंद करते, आवाज फार होतोय ना, फक्त एवढी एक फळी राहिलीय.

त्या म्हणाल्या, आवाजाचं काही नाही. पण करवतीचा आवाज खाली जातो, आणि त्यांच्या मिस्टरांनी एक निरोप दिलाय.

"ते म्हणतत, करवत रेटू नको गो. तुका वाटता जोर लावल्यान लवकर कापात. ती तिच्या वजनानच जाता. तू फक्त वाट दाखव."

एवढं बोलून गेल्या. मी दारातच उभी. गॅलरीत परत येऊन जोर न लावता चालवून बघितली. गेली की! सर्र सर्र. तीन महिने मी लाकडाशी मारामारी करत होते आणि कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण म्हणा. मिहिरला स्क्रू उजवीकडे फिरवतात की डावीकडे हेही विचारावं लागतं.

शनिवार, ११ जानेवारी

चपलांचं रॅक उभं राहिलं. डुलतं थोडं. खाली पुठ्ठ्याची घडी सारली.

मिहिर म्हणाला, दुकानात यापेक्षा बरं मिळतं. मग स्वतःच आपले बूट सर्वात आधी वरच्या फळीवर नेऊन ठेवले. कळतात मला नवऱ्याच्या कौतुकाच्या पद्धती.

रविवार, १२ जानेवारी

खाली जाऊन आले. नारळाच्या वड्या घेऊन — रिकाम्या हाताने कसं जायचं.

दशरथकाका खिडकीजवळच्या कॉटवर. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही. तोंड भरून हसले मला बघून. काकू त्यांच्या उशाशी बसून हातवारे करत सांगत होत्या — ही वरची, करवतवाली. मग ते डाव्या हाताने काहीतरी खुणा करतात आणि त्या मला सांगतात. मला एक खूण कळेल तर शपथ. पण चाळीस-पन्नास वर्षांचा संसार, त्यांना कळत असणार.

काका गिरणीत साचेखात्यात होते. कापड विणायचे. सुतारकाम फक्त रविवारचं, चाळीच्या गॅलरीत. निम्म्या चाळीचे पाट, स्टुलं, पाळणे त्यांच्या हातचे. गिरणी बंद पडली आणि मग त्या रविवारच्या कामावरच घर चाललं. काकू फळीचं दुसरं टोक धरायच्या. "दुसरा कोण धरतला?" म्हणाल्या. "हत्यारांक हात लावूचो नाय, फळी नुसती धरूची."

वड्या काकांनी दोन खाल्ल्या.

शुक्रवार, १७ जानेवारी

मरोळच्या ऑफिसात यंत्रांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या गोडाऊनवाले फेकतात. आज पाइनच्या सहा उचलल्या, दोन-दोन फुटांच्या कापून घेतल्या. मेट्रोच्या तपासणीत पोलीसबाईने पिशवी उघडायला लावली. कशाला फळ्या? म्हटलं, किचनमधला मसाल्याचा स्टँड करायचाय. नवरा करणार? नाही, मी. बाई फळीवरून हात फिरवत राहिली, मागे रांग वाढली तरी.

शनिवार, १८ जानेवारी

रंधा मारताना आज फूटभर लांब कीस निघाला. सलग. कागदासारखा पातळ, त्यातून उजेड दिसतो.

टाकवेना. वहीत ठेवलाय.

रविवार, १९ जानेवारी

कालचा आनंद आज उतरला. दुसऱ्या फळीला रंधा अडकायला लागला. पृष्ठभाग उचकटून ओरबाडल्यासारखा. रंध्याचं पातं खालीवर करून बघितलं, काही नाही.

पंधरा मिनिटांत बेल. काकू. या वेळी हातात कोथिंबिरीची जुडी, निवडता निवडताच आलेल्या. "ते म्हणतत, फळी फिरव. उलट्या अंगान मारतंस."

फळी फिरवली. लगेच तो रेशीम सुटल्यासारखा आवाज. खालच्या मजल्यावरून, स्लॅबमधून, कॉटवर पडल्या पडल्या फळीची रेषा कुठल्या बाजूला जाते ते कळतं माणसाला! मी काकूंना म्हटलं, काकांचे कान म्हणजे कमाल आहे. काकू कोथिंबिरीकडे बघत म्हणाल्या, "सवयीन येता."

चहाला थांबा म्हटलं तर थांबल्या. पण खुर्चीवर बसल्या नाहीत. गॅलरीच्या दारात उभ्या राहून प्यायल्या, फळ्यांकडे बघत. जाताना जमिनीवरचा कीस उचलून कडेला सारला — पायाने नाही, हाताने.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून आले आणि मसाल्याचा स्टँड जोडला. खाली निरोप गेला असावा, कारण अकराला वर निरोप आला : पटाशी बोथट झालीय, फार वेळा ठोकतेस. धार लावली. खरंच निम्म्या ठोक्यांत खाच पडली.

स्टँड डुलत नाही!! पुठ्ठा लागला नाही!!

शनिवार, १ फेब्रुवारी

वाट लागली.

खाली नोटीस बोर्डावर कागद. "काही सभासद घरात सुतारकाम करून इतरांना त्रास देत आहेत. इमारतीत आजारी व्यक्ती आहेत याचे भान ठेवावे. पुढील रविवारी सभेत निर्णय होईपर्यंत काम बंद ठेवावे." काही सभासद म्हणजे मी. आजारी व्यक्ती म्हणजे काका.

सेक्रेटरी हर्षदभाईंना भेटले. माणूस वाईट नाही. म्हणाले, मला वैयक्तिक काही नाही, स्वरदाबेन, पण तक्रार आली की लिहावं लागतं. कोणाची, ते सांगेनात. जिना चढताना २०४ च्या दारापाशी पाय अडला. घाडींनीच तर नाही ना केली? काकू गोड बोलून जातात, पण मुलाने केली असेल. प्रीतमची एअरपोर्टवर कार्गोत पाळीची नोकरी. दिवसा झोपायचं असेल त्याला. चूक तरी काय त्याची.

बेल नाही वाजवली. वर आले.

मिहिर म्हणतो, सोड ना यार, थोडे दिवस दुसरं काहीतरी कर. दुसरं काय? आठवडाभर परचेस ऑर्डरी काढते. एकाची गोष्ट दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे. माझ्या हाताने पूर्ण झाली असं संध्याकाळी दाखवता येईल असं त्यात काही नसतं. गॅलरीतल्या चार बाय सात फुटांत असतं. हे मिहिरला सांगितलं. तो म्हणाला, सभेला मी पण येतो.

रविवार, २ फेब्रुवारी

हत्यारांना तेल लावून कापडात गुंडाळली. कपडे वाळत घातले गॅलरीत. पूर्वीसारखे.

साडेअकराला बेल. काकू. दम लागलेला.

"काय झाला? आज काय्येक आवाज नाय. बरी आसस मां?"

मी नोटिशीचं सांगितलं. त्यांना वाचायला कोणी दाखवलीच नव्हती. सगळं ऐकून घेतलं. आजारी माणसाचं नाव पुढे करून बंद केलंय म्हटल्यावर चेहरा असा झाला की मला काल जिन्यात आलेल्या शंकेची लाज वाटली. तक्रार त्यांच्या घरातून नव्हती, हे विचारावंही लागलं नाही.

"सभा किती वाजता?" एवढंच म्हणाल्या.

रविवार, ९ फेब्रुवारी

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, वीस-बावीस माणसं. पाण्याच्या टाकीचा विषय संपेस्तोवर तासभर गेला. मग मी.

हर्षदभाई नीट बोलले. छंद चांगला आहे, पण खाली पेशंट आहे, त्याचा विचार आपण सगळ्यांनी करायला हवा. दोन-चार माना हलल्या. मिहिर उठू लागला. त्याच्या आधी मागून काकू उठल्या. इस्त्रीची साडी नेसलेल्या. त्यांना सभेत बोलताना कोणी पाहिलं नव्हतं. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होत्या.

"पेशंट आमच्या घरात आहे. आमच्याकडे विचारायला कोणी आलं नाही. दिवसभर ते पडून असतात. शनिवार-रविवारी वरून करवतीचा आवाज आला की त्यांना बरं वाटतं. आठवडाभर वाट बघतात. तो बंद केलात तर मी घरी जाऊन काय सांगू?"

आणि खाली बसल्या. पदराने ओठ पुसले.

मग हर्षदभाईंनीच वेळ लिहून टाकली — शनिवार-रविवार दहा ते एक, दुपारी ठोकाठोक नाही. सगळे हो म्हणाले.

मी काकूंजवळ गेले. त्या म्हणाल्या, उद्या भाजी कुठली करतेस.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दहाच्या ठोक्याला करवत लावली. काहीही कारण नसताना एक जुना तुकडा कापला. नुसता आवाज खाली जावा म्हणून.

रविवार, १६ फेब्रुवारी

काकांसाठी जेवणाचं टेबल करायचं ठरवलं. कॉटवर ठेवायचं, मांड्यांच्या दोन्ही बाजूंनी पाय, वर कडेला पट्टी म्हणजे ताट घसरणार नाही. आता काकू मांडीवर उशी आणि उशीवर ताट ठेवून भरवतात.

माप घ्यायला टेप घेऊन गेले. काकूंनी टेप बघितलाही नाही. वीत टाकली — अडीच विती लांब, दीड वीत रुंद, उंची चार बोटं आणि एक वीत. मीही टेपने माप लिहून घेतलं, मग पुन्हा मोजून ताडून बघितलं. त्यांचं बरोबर होतं. मी लिहून घेतलेलं अर्ध्या इंचाने चुकलेलं.

रविवार, २ मार्च

चार पाय कापून झाले, खाचाही. आज घाम निघाला. एक पाय चुकीच्या बाजूने कोरला, नवीन करावा लागला. तरी मन छान होतं. मिहिरने समोर बसून पॉलिश पेपरने एक पाय घासला आणि त्या एका पायाचे चार फोटो त्याच्या आईला पाठवले.

शनिवार, ८ मार्च

चारही पाय बसवले. ठोकत होते तोवर निरोप आला : "ते म्हणतत, तिसऱ्या पायाचो आवाज वेगळो येता. सैल आसा."

हलवून बघितला, घट्ट वाटला. तरी उघडला. आत खाचेत फट होती, केसाएवढी. पातळ पाचर घालून परत ठोकला. काकू या वेळी गेल्या नव्हत्या, गॅलरीच्या दारातच होत्या. चारही पाय मी पुन्हा एकेक करून वाजवले. चारही सारखे. मी मान वर केली तर त्यांचे डोळे मिटलेले.

काकांना सांगते, म्हणाल्या, आणि पटकन गेल्या.

रविवार, ९ मार्च

पॉलिशचा पहिला हात. वाळू दे. घरभर वास. बोटं चिकट, त्यामुळे इतकंच.

रविवार, १६ मार्च

टेबल खाली नेऊन दिलं. काकू मासळीला गेलेल्या. प्रीतमला सुट्टी, त्याने दार उघडलं. टेबल कॉटवर बरोबर बसलं. मी काकांना म्हटलं, तिसरा पाय ऐका आता, आणि बोटाने वाजवला. ते हसून माझ्याकडेच बघत राहिले. पुन्हा वाजवला.

प्रीतम म्हणाला, "त्यांना ऐकू येत नाही, ताई. साचेखात्यातल्या खडखडाटातच कान गेले. मी शाळेतसुद्धा नव्हतो तेव्हा. आई बोलली नाही तुम्हाला?"

म्हटलं, बोलल्या असतील, माझ्या लक्षात नाही राहिलं.

जिन्यात काकू भेटल्या, पिशवी घेऊन वर येत होत्या. दिलंस टेबल? काय म्हणाले ते?

मी म्हटलं, "काका काही म्हणाले नाहीत. काकू, तुम्ही सांगा. कसं झालंय?"

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग खाली. मग म्हणाल्या, "वरच्या फळीक रंधो आजून एकदा फिरवूक होयो होतो."